खान्देशातून नेपाळला: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

आपल्याकडे कुणी नेपाळला निघालं की लोक "परदेशात चालला" असं म्हणत नाहीत, "यात्रेला चालला" म्हणतात. आणि ते साहजिकच आहे. व्हिसा लागत नाही, देव आपलेच, पाट्या देवनागरीत, खिशातली शंभराची नोटही चालते. मग माणूस शेगावला किंवा ओंकारेश्वरला निघाल्यासारखाच निघतो. खिशात आधार कार्ड, कमरेला पाचशेच्या नोटांचं पुडकं, आठ दिवसांत बारा ठिकाणं आणि गाडी रात्रभर पळवायची. आपल्या भागातल्या लोकांचे तिथे जे हाल होतात ते बहुतेक या चार गोष्टींपायीच होतात. नेपाळ जवळचा वाटला तरी कायदा, चलन, घड्याळ आणि घाट तिथले आहेत, एवढं डोक्यात ठेवून तयारी केली तर प्रवास सोपा आहे.

पुढचं सगळं भुसावळ-जळगाव धरून लिहिलंय. धुळे, नंदुरबार, शिरपूरकडच्यांनी भुसावळपर्यंतचा प्रवास त्यात मिळवून घ्यावा.

१. आधी ठरवा, नेमकं बघायचंय काय

नेपाळमध्ये बघण्यासारख्या जागा चार दिशांना आहेत. लुंबिनी भारताच्या सीमेजवळ, सपाट तराईत. पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ, बुढानीलकंठ हे सगळं काठमांडूच्या खोऱ्यात. मुक्तिनाथ पार वर, मुस्तांग जिल्ह्यात. जनकपूर पूर्वेला, बिहारला लागून. नकाशावर हे हातभर अंतरावर दिसतं, पण तिथे दीडशे किलोमीटरला अख्खा दिवस जाऊ शकतो.

माझं सरळ मत सांगतो. पहिल्या खेपेला लुंबिनी, पोखरा (मुक्तिनाथच्या वाटेवरचं शहर) आणि काठमांडू एवढंच करा. घरातून निघून घरी येईपर्यंत बारा दिवस हाताशी ठेवा. मुक्तिनाथ करायचंच असेल तर आणखी चार दिवस वाढवा आणि दुसरं काहीतरी सोडा. जनकपूर परतीच्या वाटेवर जमतं, ते शेवटी सांगतो. यात्रा कंपनीच्या पत्रकात "१० दिवसांत संपूर्ण नेपाळ" असं दिसलं तर समजा, त्यातले आठ दिवस तुम्ही खिडकीतून बाहेर बघत बसणार आहात.

२. केव्हा जायचं

हवा सगळ्यात छान असते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आकाश स्वच्छ, हिमशिखरं लख्ख. पण तेव्हाच आपल्याकडे कापूस वेचणी असते, घर सोडता येत नाही. शिवाय नेपाळचा सगळ्यात मोठा सण दसैं आश्विनातच येतो. त्या दिवसांत सगळा देश गावाकडे निघतो, बसला जागा मिळत नाही आणि दुकानं-कार्यालयं बंद असतात.

म्हणून शेतीवाल्या घरांना फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल बरा. महाशिवरात्रीला पशुपतिनाथला जायची हौस असेल तर अफाट गर्दीची तयारी ठेवा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तो दिवस मुद्दाम टाळावा असंच मी म्हणेन. मे महिन्यात जळगाव तापतं तशी लुंबिनीही तापते आणि डोंगरावर धुरकट असतं.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. श्रावणात महादेवाचं दर्शन व्हावं ही इच्छा समजते, पण तेव्हा तिथले रस्ते डोंगरासकट खाली येतात. याबद्दल पुढे लिहिलंय.

जायच्या आधी आठवडाभर तिथल्या बातम्याही बघत राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांच्या आंदोलनानंतर संचारबंदी लागली, विमानतळ बंद पडला आणि बरेच भारतीय प्रवासी हॉटेलांत अडकून पडले होते.

३. कागदपत्रं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश वाचा.

भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. पण विमानाने जाणाऱ्या प्रौढ माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनांपैकी एक मूळ स्वरूपात हवंच. आधार कार्ड त्यात बसत नाही. आपल्याकडे आधारवर सगळं चालतं, त्यामुळे हे कुणाच्या गळी उतरत नाही आणि मुंबईच्या विमानतळावर पूर्ण कुटुंबाचं सामान काउंटरवरून परत येतं. १५ वर्षांखालची मुलं आणि ६५ च्या वरची माणसं यांना वयाचा आणि ओळखीचा पुरावा म्हणून आधारसारखं फोटोचं कार्ड चालतं. अधलीमधली वयं, म्हणजे १५ ते १८ ची पोरं, यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा दाखला लागतो. खरं सांगायचं तर घरात पोरं असतील तर त्यांचे पासपोर्टच काढून टाका, कटकट मिटते.

रस्त्याने सीमा ओलांडताना बऱ्याचदा कुणी काही विचारत नाही. त्यामुळे "आमच्या शेजारचे आधारवर जाऊन आले" हे ऐकायला मिळेल. ते खोटं नसतं. पण पुढे हॉटेलात, सिमकार्डाच्या दुकानात, अपघात झाला तर दवाखान्यात, किंवा परत येताना ऐनवेळी विमान पकडायची पाळी आली तर तुम्हाला तेच दोन कागद लागतात.

मतदार कार्डाबाबत आणखी एक. त्यावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळतंय का ते बघा. आपल्याकडे कार्डावर "सुमनबाई" आणि तिकिटावर "सुमन", किंवा लग्नाआधीचं आडनाव, असले प्रकार फार. तिकीट कार्डाप्रमाणे काढा, बोलावण्याच्या नावाप्रमाणे नको.

सोबत ठेवायची यादी:
– पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, मूळ. त्याच्या तीन-चार झेरॉक्स वेगळ्या पिशवीत
– पासपोर्ट आकाराचे सहा फोटो (सिमकार्ड आणि मुस्तांगच्या परवान्याला लागतात)
– प्रवास विमा, ज्यात नेपाळचं नाव लिहिलेलं आहे
– रोजच्या गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चार दिवसांच्या जादा
– घरच्या दोन माणसांचे फोन नंबर कागदावर लिहून (मोबाइल बंद पडला की कुणाचा नंबर पाठ नसतो)

स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी बुक, लायसन्स, विमा, पीयूसी सगळं मूळ हवं. सीमेवर नेपाळच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या कस्टम्समध्ये, दिवसांच्या हिशेबाने पैसे भरून पावती घ्यावी लागते. पावतीवर जितके दिवस लिहिलेत त्याच्या आत गाडी बाहेर पडली पाहिजे, नाहीतर दंड. एक-दोन दिवस जास्तीचेच भरा.

४. पैसे

भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, रोज हलत नाही. त्यामुळे हिशेब सोपा असतो आणि फसवणूक चटकन ओळखता येते.

नोटांचं मात्र जपून. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्या नियमात अधूनमधून सैलपणा येतो, पण दुकानदार आणि बसवाले नियम वाचून बसलेले नसतात. पाचशेची नोट दिसली की कुणी घेत नाही, किंवा घेतो आणि भाव पाडतो. घरून निघतानाच बँकेतून शंभराच्या नोटा घ्या. पुडकी मोठी होतात, इलाज नाही.

दुकानात भाव विचारला की उत्तरात आकडा येतो, पण तो कोणत्या रुपयाचा हे सांगत नाहीत. लगेच विचारायचं: "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. तीनशेची शाल एनसी असेल तर आपले एकशे नव्वदच्या आतबाहेर झाले. हा प्रश्न न विचारता पैसे काढणारा माणूस सीमेवरच्या बाजारात लांबूनच ओळखू येतो.

२०२४ पासून नेपाळमधल्या फोनपे-क्यूआर असलेल्या दुकानांत आपल्या यूपीआयने पैसे देता येतात. (हे तिथलं फोनपे वेगळं, आपल्या अ‍ॅपशी गल्लत करू नका.) त्यासाठी आपल्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करून घ्यावं लागतं, ते घरीच करा. काठमांडू-पोखऱ्यात उपयोग होतो. मुक्तिनाथच्या वाटेवर नेटवर्कच गेलं तर रोख हवीच.

जाता जाता: आपल्याकडच्या बायकांना अंगावर सोनं असल्याशिवाय देवाला जाणं जड जातं, त्यातून जळगावचं सोनं. मंगळसूत्र ठेवा, बाकी घरी राहू द्या. गर्दीचा त्रास वेगळा आणि कस्टम्सच्या प्रश्नांचा वेगळा.

५. भुसावळ ते सोनौली

विमानाने जायचं तर मुंबईहून काठमांडूची थेट विमानं आहेत, तीन तासांच्या आत पोचतात. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर पैसे जास्त गेले तरी हेच करा.

रेल्वेने जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून गोरखपूरला जाणाऱ्या कुशीनगर एक्सप्रेस आणि काशी एक्सप्रेस, दोन्ही भुसावळवरून जातात. कुशीनगर झाशी-कानपूर-लखनौमार्गे, काशी बनारसमार्गे. एक पूर्ण दिवस आणि रात्र गाडीत जाते. आरक्षण खुलं होतं त्या दिवशीच काढा. या गाड्यांना वर्षभर गर्दी असते आणि वेटिंगवर जाण्यात अर्थ नाही, कारण आरक्षित डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुका ठेचा घ्या. तिसऱ्या दिवशीही चालतं.

गोरखपूरला उतरल्यावर लगेच पुढे पळू नका. आंघोळ, जेवण आणि गोरखनाथांच्या मंदिरात दर्शन, एवढं करून निघा. नाथपंथाचा नेपाळशी फार जुना संबंध आहे. मकरसंक्रांतीला या मंदिरात जी खिचडी चढते तिच्यात नेपाळच्या राजघराण्याकडूनही खिचडी यायची परंपरा आहे. म्हणजे नेपाळची यात्रा एका अर्थी इथूनच सुरू होते.

गोरखपूरहून सोनौली, म्हणजे आपण नेपाळात शिरतो ती सीमा, शंभर किलोमीटरच्या आत आहे. उत्तर प्रदेश परिवहनच्या बस स्टेशनजवळूनच मिळतात. जीपवाले मागे लागतील, "सीधे काठमांडू" म्हणतील. ऐकू नका. सीमेपर्यंतचंच तिकीट काढा.

६. सीमा ओलांडताना

सोनौलीची कमान चालत ओलांडायची. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळ पोलीस. पिशव्या उघडायला सांगितलं तर उघडा, हुज्जत नको. भारतीयांना शिक्का मारून घ्यावा लागत नाही, त्यामुळे "परमिट काढून देतो, दोनशे रुपये" म्हणणारा कुणीही भेटला तर तो एजंट आहे. चालणाऱ्या भारतीय माणसाला तिथे कसलंही परमिट लागत नाही.

पलीकडे गेल्यावर तीन कामं. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. अधिकृत काउंटरवर थोडे पैसे बदला. आणि सिमकार्ड घ्या. नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या दोन कंपन्या आहेत, डोंगराकडे जाणार असाल तर नेपाळ टेलिकॉम घ्या.

पाट्यांवरच्या तारखा बघून गोंधळू नका. तिथे विक्रम संवत चालतो, आपल्या इसवी सनापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षांनी पुढे. बसच्या तिकिटावर २०८२ वगैरे दिसलं तरी ते बरोबरच असतं. आठवड्याची सुट्टी शनिवारी असते, रविवारी नाही.

आणि बोलण्याचं. हिंदी जवळपास सगळ्यांना समजते. ड्रायव्हरला "दाइ", हॉटेलातल्या बाईला "दिदी" म्हणून हाक मारा. "ए भैया" करत गेलात तर काम होतं, पण तोंड वाकडं करून.

७. लुंबिनी

सीमेपासून भैरहवा चार-पाच किलोमीटर आणि तिथून लुंबिनी वीस-बावीस. म्हणजे त्याच दिवशी मुक्कामाला पोचता येतं.

आपल्याकडचे कितीतरी बौद्ध बांधव बुद्धपौर्णिमेला इथे येतात. बाबासाहेबांनी नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली आणि नोव्हेंबरात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. तिथलं त्यांचं भाषण बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर झालं. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, ते गेले. त्यामुळे आपल्या घरांमध्ये नेपाळ हे नाव पशुपतिनाथाइतकंच या गोष्टीसाठीही घेतलं जातं.

माझं एक सांगणं आहे, ऐका. लुंबिनीला निघायच्या आधी एक रविवार काढून अजिंठ्याला जाऊन या. जळगावहून ते तासा-दीड तासावर. तिथे लेणं क्रमांक २ मध्ये, डाव्या भिंतीवर, मायादेवीचं स्वप्न आणि बुद्धजन्माचा प्रसंग रंगवलेला आहे. मायादेवी झाडाची फांदी धरून उभी आहे. चित्र जागोजागी उडालंय, टॉर्चच्या उजेडात शोधावं लागतं. ते बघून लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात गेलात की तिथल्या झिजलेल्या जन्मशिल्पात तोच हात वर गेलेला ओळखू येतो. नाहीतर तो नुसता दगड दिसतो आणि रांग पुढे सरकते.

मंदिर बाहेरून साधं, पांढरं आहे. आतमध्ये विटांचे जुने पाये आहेत आणि लाकडी पायवाटेवरून फिरत त्याकडे बघायचं. जन्मस्थान म्हणून दाखवतात ती शिळा काचेखाली आहे. आत फोटो काढायला मनाई, चपला बाहेर. तिकीट घेताना ओळखपत्र दाखवा, सार्क देशांतल्या लोकांना दर कमी असतो.

मंदिराच्या बाजूलाच सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. तो १८९६ मध्ये उजेडात आला आणि त्याच्यावरच्या ब्राह्मी लेखामुळेच ही जागा लुंबिनी म्हणून नक्की झाली. लेख जेमतेम चार-पाच ओळींचा. राजा राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर स्वतः इथे आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने स्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा आठवा हिस्साच ठेवला, एवढाच मजकूर. शेतसाऱ्याची सूट दगडावर कोरून ठेवणारा राजा, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं तर तो तिथे दोन मिनिटं जास्त थांबेल. पण गाइड मंडळी हे सोडून देतात आणि कोणत्या नटाने कधी भेट दिली ते सांगतात.

पुढचा विहारांचा परिसर मोठा आहे, मधून कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी (हे बौद्धांचे दोन पंथ). केन्झो तांगे या जपानी वास्तुशिल्पीने १९७८ मध्ये हा आराखडा केला. पायी हिंडू नका, ई-रिक्षा ठरवा किंवा सायकल भाड्याने घ्या, आणि भाडं तासाचं की फेरीचं ते आधी बोलून घ्या. संध्याकाळी डास फोडून काढतात.

८. डोंगरातला रस्ता

ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीत कोसळली. २७ जण गेले. वरणगाव-भुसावळ भागातली घरंच्या घरं उजाड झाली, आणि तेव्हापासून आपल्याकडे नेपाळचं नाव काढलं की म्हातारी माणसं आधी तेच बोलतात. त्याच पावसाळ्यात, महिनाभर आधी, चितवनकडे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या.

भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. पण गाडी ठरवताना दर कमी करून घेण्यात जेवढा वेळ घालवता, त्याहून जास्त वेळ पुढच्या गोष्टी विचारण्यात घालवा:

रात्री गाडी चालणार का? उत्तर "हो" आलं तर गाडी बदला. नेपाळच्या घाटात रात्रीचा प्रवास करायचाच नाही, "एक हॉटेलचा खर्च वाचतो" हा हिशेब तर अजिबात नको.

ड्रायव्हर किती? लांबच्या पल्ल्याला दोन हवेत. आणि त्यातला एक तरी नेपाळच्या रस्त्यावर आधी गेलेला हवा. मैदानातला पट्टीचा ड्रायव्हरही त्या अरुंद, नदीला चिकटलेल्या रस्त्यावर बावरतो.

गाडी किती मोठी? मोठ्या बसपेक्षा छोटी गाडी बरी. आपल्याकडून नेलेल्या गाडीपेक्षा भैरहव्याहून नेपाळी नंबरची गाडी आणि तिथलाच दाइ मला जास्त भरवशाचा वाटतो.

दिवसाला अंतर किती? डोंगरात २०० किलोमीटरच्या वर ठेवलं असेल तर तो बेत कागदावरच चांगला.

हे सगळं यात्रा कंपनीकडून लिहून घ्या. तोंडी "काळजी करू नका आप्पा" याला काही अर्थ नाही.

भैरहवा ते काठमांडू पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि रस्त्याची कामं चालू असली की अख्खा दिवस मोडतो. पैसे असतील तर भैरहव्याच्या गौतम बुद्ध विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत काठमांडू.

९. काठमांडूचं खोरं

पशुपतिनाथला पहाटे जा. शनिवारी स्थानिकांची गर्दी असते, तो टाळा. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. मुख्य आवारात फोटो बंद. परदेशी पर्यटकांना मोठं तिकीट आहे, आपल्याला नाही, आणि मुख्य देवळात परधर्मीय पर्यटकांना सोडत नाहीत. दारातून आत गेलं की आधी पितळेचा अवाढव्य नंदी दिसतो, तोही पाठमोरा. गाभाऱ्याला चारही बाजूंनी दारं आहेत, कारण लिंगाला चार दिशांना चार मुखं आहेत. म्हणून एका दारातून दर्शन घेऊन परत फिरू नका, चारही दारांशी थांबत पूर्ण फेरी मारा. लिंगाला हात लावता येत नाही. त्र्यंबकेश्वरी गाभाऱ्याशी घासाघीस करणाऱ्यांनी इथे ती सवय बाहेर ठेवावी. पूजा दक्षिणेतून आलेले भट्ट पुजारी करतात. अभिषेक करायचा तर आवारातल्या कार्यालयात पावती फाडा, रस्त्यात हाताला धरून नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

मागे बागमतीच्या काठी आर्यघाट आहे, तिथे चिता पेटलेल्या असतात. समोरच्या पायऱ्यांवर बसून लोक बघतात. बसा, पण मोबाइल वर काढू नका. कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असतं.

तिथून बौद्धनाथचा स्तूप चालत जाण्याइतका जवळ आहे. प्रदक्षिणा उजवीकडून, आणि प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. बुढानीलकंठाला पाण्यात निजलेला काळ्या दगडातला विष्णू आहे, साधारण पाच मीटर लांब, एकाच शिळेतला. सकाळी लवकर गेलात तर पुजारी त्याच्या अंगावरून चालत जाऊन पूजा करताना दिसतात.

आता मला सगळ्यात आवडलेली जागा, जी बहुतेक यात्रा कंपन्या वगळतात: चांगुनारायण. भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवर आहे. इथे मानदेव राजाचा इसवी सन ४६४ चा स्तंभलेख आहे, काठमांडूच्या खोऱ्यातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. देवळासमोर माणसाच्या चेहऱ्याचा गरुड गुडघ्यावर बसून हात जोडतोय. आणि आवारात बघायचं ते त्रिविक्रमाचं शिल्प. हातभर उंचीच्या शिळेत वामनाने एक पाय थेट आडवा, आकाशात फेकलाय, खाली बळी आणि त्याची माणसं. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला दरवर्षी जाणाऱ्या माणसाने हे शिल्प चुकवलं तर काय बोलायचं! अर्धा दिवस ठेवा, गर्दी नसते.

पाटणचं दगडी कृष्णमंदिर १६३७ चं, त्याच्या पट्ट्यांवर रामायण-महाभारत कोरलेलं आहे. भक्तपूरचं पाच छपरांचं न्यातपोल १७०२ चं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात खोऱ्यातली कितीतरी देवळं पडली, न्यातपोल मात्र उभं राहिलं. बऱ्याच जागा पुन्हा बांधल्यात, काही ठिकाणी काम चालूच असतं.

दक्षिणकालीला मंगळवारी आणि शनिवारी बळी देतात. नवसाचं बोकड आपल्याकडेही असतं, पण माळकरी माणसं बरोबर असतील तर हे दोन वार सोडून जा.

१०. मुक्तिनाथ: कुणी जावं, कुणी नको

आपलं तोरणमाळ हजार-बाराशे मीटर उंचीवर आहे. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, म्हणजे तिपटीहून जास्त. हृदयविकार, दमा, ताब्यात नसलेलं बीपी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव काढू नका.

जायचं ठरलं तर पोखऱ्याहून थेट एका दिवसात वर चढू नका. एक रात्र वाटेत तातोपानीला किंवा जोमसोमला काढा. जोमसोमचं विमान फक्त सकाळी उडतं, कारण दुपारकडे काली गंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. हवा बिघडली तर उडतच नाही, म्हणून मागे एक दिवस मोकळा हवा. हा सगळा भाग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो, त्याचा परवाना पोखऱ्यातच काढा. फोटो आणि ओळखपत्र लागतं, सार्कवाल्यांना दर कमी.

रानीपौवापर्यंत गाडी जाते, पुढे चढ. घोडा मिळतो. देवळामागे १०८ धारा आहेत, बैलमुखातून बर्फासारखं पाणी पडतं, आणि पुढे दोन कुंडं. सगळे धारांखालून पळत जातात, तुम्हीही जाल, पण आधी कोरडे कपडे आणि टॉवेल कुणाच्या तरी हातात देऊन ठेवा. साठीच्या पुढच्यांनी डोक्यावर थेंब घेतला तरी पुरे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत ही जागा धरतात, आणि तिबेटी बौद्धांनाही ती तितकीच पवित्र. शेजारच्या ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूवर ज्योत जळते, तिची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात.

डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पाय लटपटले तर गोळी घेऊन बसू नका. त्याच तासाला खाली उतरायला लागा.

११. खाणं

डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते आणि भात मागाल तेवढा वाढतात. भाकरी विसरा. तिखट कमी पडतं, म्हणून ठेचा आणि बिबडे बरोबर. शाकाहारी असाल तर मोमो घेताना नीट विचारा, "बफ" म्हणजे म्हशीचं मांस. काठमांडूत पशुपतीच्या आणि ठमेलच्या आसपास मारवाडी भोजनालयं आहेत. नळाचं पाणी पिऊ नका.

१२. परतताना

पशुपतीच्या बाहेर रुद्राक्षाची दुकानं रांगेने आहेत. पंचमुखी स्वस्त असतो, खुशाल घ्या. "एकमुखी, फक्त तुमच्यासाठी" ऐकलं की पुढे चला. कोरून, चिकटवून केलेले मणी तिथे ढिगाने मिळतात.

जनकपूर करायचं असेल तर काठमांडूहून तिकडे उतरा. टिकमगडच्या राणीने बांधलेलं जानकी मंदिर बघून जनकपूरहून जयनगरची नेपाळी रेल्वे पकडायची. ही गाडी २०२२ मध्ये नव्याने सुरू झाली. तिकिटाला ओळखपत्र लागतं आणि वेळा बदलतात, त्या आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन बघा. जयनगरहून लोकमान्य टिळक टर्मिनसची पवन एक्सप्रेस थेट भुसावळला सोडते, म्हणजे गोरखपूरचा हेलपाटा वाचतो.

जयनगर किंवा रक्सौल, दोन्हीकडून परतलात तरी तुम्ही बिहारमध्ये उतरता आणि बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. मित्रमंडळींसाठी पिशवीत लपवलेली बाटली सीमेवरच्या तपासणीत सापडली तर थेट कोठडी. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या पिशव्या एकदा बघून घ्या, विशेषतः मेहुण्याची.